फावला वेळ आणि 16 एप्रिल

परवाच्या 16 एप्रिलच्या दिनविशेषावर 'इतिहासवेडा' या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. बऱ्याच जणांनी ती वाचली नसेल, म्हणून आधी ती जशीच्या तशी देते.

"ताई, कलोडनची लढाई आणि लेनिनचं पेत्रोग्राडला परतणं तुम्ही एकाच तारखेखाली घातलंत. पहिली तारीख जुन्या कालगणनेची आहे, दुसरी नव्या. 'भारतातली पहिली आगगाडी' हेही चूक. तोफा मात्र मोजून एकवीस सांगितल्यात, रूळ टाकणाऱ्या मजुरांवर एक ओळ नाही. असो. कॅलेंडरचं मागचं पान उतरवून काढायला डोकं लागत नाही, फावला वेळ लागतो."

दोन दिवस मी उत्तर दिलं नाही, कारण रागात लिहू नये हे मला कळतं. राग अजून पुरता गेलेला नाही, पण आता लिहिते.

आधी चूक कबूल करते. 'भारतातली पहिली आगगाडी' असं मी लिहिलं होतं, तिथे 'पहिली प्रवासी आगगाडी' हवं होतं. मद्रासजवळ रेड हिल्सला 1837 मध्येच दगड वाहायला रूळ पडले होते. रुडकीला सोलानी नदीवरच्या पुलाच्या कामासाठी 1851 च्या डिसेंबरात वाफेच्या इंजिनाने माती वाहिली. दोन्ही मला ठाऊक होतं. लिहिताना एक शब्द सुटला, तो मी काल घातला. बोट दाखवल्याबद्दल आभार, आणि हे आभार मनापासून आहेत.

आता 'उतरवून काढणं'.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलणारे, होते. आम्ही कोपरीला राहायचो. नाइट करून आले की चहा व्हायच्या आत ते एक जाड चोपडी उघडून बसत. एकेका तारखेला एकेक पान, अशी 366 पानं, 29 फेब्रुवारीचंसुद्धा. वर्तमानपत्रात काही वाचलं, कुणा साहेबाकडून ऐकलं, वाचनालयातल्या पुस्तकात मिळालं, की त्या त्या पानावर एक ओळ पडायची. या चोपडीची सुरुवात 16 एप्रिलच्या पानापासून झाली. 1953 साली रेल्वेला शंभर वर्षं झाली, टपाल खात्याने त्या दिवशी तिकीट काढलं. अण्णा नोकरीत नवे होते. त्यांनी ते तिकीट विकत घेऊन पानावर डकवलं आणि खाली लिहिलं : बोरीबंदर ते ठाणे, शनिवार, दुपारी 3.35, चौदा डबे, चारशे पाहुणे, इंजिनं तीन, साहिब, सिंध, सुलतान. ते तिकीट आज माझ्यासमोर आहे. कडेचा डिंक पिवळा पडलाय.

हे कुठल्या कॅलेंडरचं मागचं पान, ते मला सांगा.

पुढे मी शिक्षिका झाले. ठाण्यातल्याच एका मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. सकाळची शाळा सातला भरायची, मी पावणेसातला फळ्यापाशी असायची. ऑफिसच्या दाराशेजारचा तो फळा ओल्या फडक्याने पुसायचा, सुकला की डावीकडे सुविचार, उजवीकडे दिनविशेष. परिपाठात एक मूल तो मोठ्याने वाचायचं. कळव्याहून, कोपरीहून, स्टेशनामागच्या चाळींतून आलेली मुलं. त्यांच्या घरी इतिहासाची पुस्तकं नव्हती. क्रमिक पुस्तकातला इतिहास त्यांना परीक्षेपुरता माहीत. पण फळ्यावर 'आज' असं लिहिलेलं असलं की ती थांबायची, कारण तो दिवस त्यांचाही असायचा. एखाद्याचा वाढदिवस असला तर तो वर्गावर्गांत सांगत सुटायचा की माझ्या तारखेला अमका जन्मला.

मी मुलांना वजाबाकी करायला लावायची. 1853 ला गाडी ठाण्याला आली. विल्बर राइट जन्मला 1867 ला, तारीख तीच, 16 एप्रिल. मधे किती वर्षं? चौदा. म्हणजे ठाण्याच्या माणसाने आगगाडी पाहिली तेव्हा विमान उडवणारा अजून जन्मायचाच होता. हे कळल्यावर सहावीतला एक मुलगा फळ्यासमोरून हलेना. त्याने मला विचारलं, "बाई, मग पहिल्या गाडीत बसलेला एखादा म्हातारा विमान बघायला जगला असेल का?" राइट बंधूंचं उड्डाण 17 डिसेंबर 1903 चं. आम्ही दोघांनी हिशोब केला. 1853 ला तिशीत असलेला माणूस तेव्हा ऐंशीचा. जगला असेलही. इतिहासवेडा, तो मुलगा त्या दिवशी इतिहास शिकला. आणि त्याला तो शिकवायला मला डोकं लागलं.

तुम्ही 'फावला वेळ' म्हणालात. निवृत्त बाईचा वेळ हा फावलाच, असं गृहीत धरलंत. एका नोंदीला माझे किती तास जातात, सांगते. चार्ली चॅप्लिन 16 एप्रिल 1889 ला लंडनमध्ये जन्मला, ही ओळ लिहायला अर्धं मिनिट लागतं. पण त्याच्या जन्माची सरकारी नोंद मिळालेली नाही, आणि 16 एप्रिल ही तारीख तो स्वतः सांगत असे म्हणून आपण मानतो, हे शोधायला माझी एक अख्खी सकाळ गेली. त्याच महिन्यात चार दिवसांनी, 20 तारखेला, हिटलर जन्मला, आणि पुढे चॅप्लिननेच त्याची नक्कल पडद्यावर केली, हेही मी लिहिलं होतं. तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नाही. 1947 च्या, अमेरिकेतल्या टेक्सस सिटीच्या स्फोटाची नोंद घ्या. गोदीत लागलेल्या ग्रँडकँप जहाजात अमोनियम नायट्रेट भरलेलं होतं, खत म्हणून वापरतात ते. आग विझवायला गेलेले त्या गावचे बंबवाले जवळजवळ सगळे मेले. ही नोंद मी का घेतली? कारण तीनच वर्षं आधी, 14 एप्रिल 1944 ला, आपल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं होतं आणि तिथेही अग्निशमन दलाची माणसं गेली. 14 एप्रिलला आपल्याकडे अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. दोन गोद्या, दोन जहाजं, आगीवर धावून गेलेली माणसं, तारखांत दोन दिवसांचं अंतर. हा सांधा कुठल्या कॅलेंडरवर छापलेला असतो ते मला दाखवा, मी लिहिणं थांबवते.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं आहे. तिथल्या टेबलाशी मी किती दुपारी काढल्या, ते तिथली माणसं सांगतील. तुम्ही तिथे कधी गेला आहात की नाही, मला माहीत नाही. टोपणनावामागून बोलणाऱ्याला काही सांगावं लागत नाही. मी माझ्या नावाने लिहिते, आणि चुकले तर माझ्याच नावाने चुकते.

आता कालगणनेबद्दल, कारण तुमचा सगळा भर त्यावर आहे असं तुम्हाला वाटत असेल.

कलोडनची लढाई स्कॉटलंडमधली, 1746 ची. तेव्हा ब्रिटनमध्ये जुनी, ज्युलियन गणना चालू होती. 1752 मध्ये त्यांनी ती बदलली, 2 सप्टेंबरनंतर एकदम 14 सप्टेंबर आला. तेव्हा नव्या, म्हणजे आपण आज वापरतो त्या, गणनेने कलोडन 27 एप्रिलला पडतं, बरोबर. लेनिन पेत्रोग्राडच्या फिनलंड स्थानकावर उतरला तो रशियातल्या तेव्हाच्या गणनेने 3 एप्रिल 1917, नव्या गणनेने 16. रशियाने नवी गणना घेतली 1918 च्या फेब्रुवारीत. हे मला येतं. सातवी-आठवीला ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात का, हे मी दरवर्षी समजावून सांगितलं आहे. माझा नियम साधा आहे. ज्या देशाची घटना, तो देश आज जी तारीख पाळतो ती मी घेते. कलोडनची आठवण स्कॉटलंडमध्ये 16 एप्रिललाच काढतात. रशियन क्रांतीचा दिवस 7 नोव्हेंबर मानतात, मग लेनिनचं आगमनही नव्याच गणनेने. आपल्याकडे शिवजयंती तारखेने 19 फेब्रुवारीला होते आणि तिथीने फाल्गुन वद्य तृतीयेलाही होते. म्हणून एका बाजूची माणसं दुसऱ्या बाजूला 'डोकं नाही' असं म्हणत नाहीत. निदान माझ्या ओळखीतली तरी नाहीत.

शिवाय, लेनिन आगगाडीने आला. झ्युरिकहून निघून, जर्मनी ओलांडून, पुढे स्वीडन-फिनलंडमार्गे. ठाण्याच्या गाडीच्या तारखेला दुसरी एक गाडी चौसष्ट वर्षांनी एका स्थानकात शिरते आणि एक देश उलथापालथा होतो. ती नोंद माझ्या आवडीची आहे, ती मी काढणार नाही. गणनेबद्दल कंसात एक ओळ हवी होती असं तुमचं म्हणणं असेल तर तसं म्हणायचं. घालायला मला दोन मिनिटं लागली असती.

मजुरांबद्दल. दिनविशेष एका दिवसाचा असतो. रुळांचं काम 1850 पासून चाललं होतं, कंत्राटदार फेव्हिएल आणि फाउलर, मुख्य अभियंता जेम्स बर्कली. ते सगळं एका तारखेखाली कसं बसवणार? मी पॉइंट्समनची मुलगी आहे. रुळांवर राबणाऱ्या माणसांची आठवण मला करून द्यावी लागत नाही. अण्णा पावसाळ्यात भिजून घरी यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला ग्रीसचा आणि ओल्या लोकरीचा वास यायचा, तो मला आजही येतो. बोरघाटाच्या कामावर आणि तिथे मेलेल्या मजुरांवर मी याच ठिकाणी स्वतंत्र लिहिलं आहे. घाटाचं कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल आल्या आल्या वारला आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, ते काम पुढे नेलं, 1863 ला घाट खुला झाला, हेही त्यात आहे. तुम्ही ते वाचलेलं नाही. प्रतिक्रिया देण्याआधी मागचं चाळून पाहायला हवं होतं, फावला वेळ काढून.

आणि एकवीस तोफा. हो, मोजून सांगितल्या. बोरीबंदर ते ठाणे एकवीस मैल आणि सलामीच्या तोफा एकवीस. मुलांच्या हे लक्षात राहतं. चौतीस किलोमीटर सांगितलं तर दुसऱ्या दिवशी विसरतात. 1 मे 1854 ला रूळ खाडी ओलांडून कल्याणला गेले, तेही 1 मे मुळे लक्षात राहतं. यात तुम्हाला टोचण्यासारखं काय दिसलं ते मला खरंच कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला कळते. तुम्हाला बरंच ठाऊक आहे. ज्युलियन गणना चटकन ओळखणारे वाचक मला रोज भेटत नाहीत. तुमची पहिली तीन वाक्यं एवढीच प्रतिक्रिया असती तर मी तुम्हाला घरी चहाला बोलावलं असतं आणि अण्णांची चोपडी समोर ठेवली असती. शेवटचं वाक्य तुम्ही कशासाठी लिहिलंत? त्या वाक्याने चूक दुरुस्त झाली नाही, भर पडली नाही. माझ्या लेकीने ते वाचलं आणि मला फोन करून म्हणाली, "आई, बंद कर ना हे लिहिणं." सत्तरीकडे चाललेल्या बाईला तिच्या मुलीकडून हे ऐकावं लागलं, ते तुमच्यामुळे.

मी बंद करणार नाही.

तुमची प्रतिक्रिया मी पुसलेली नाही, पुसणारही नाही. 'प्रवासी' हा शब्द घातला आहे. कलोडनच्या पुढे 'जुन्या गणनेने' आणि लेनिनच्या पुढे 'नव्या गणनेने' असं आता, हे उत्तर लिहिता लिहिताच, घातलं.

उद्या 19 एप्रिल. अण्णांच्या चोपडीत त्या पानावर सगळ्यात वर आहे : 1910, ठाण्याचा तुरुंग, अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे यांना फाशी. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला त्यांनी 21 डिसेंबर 1909 ला गोळ्या घातल्या होत्या. चार महिन्यांत खटला आणि फास. त्याखाली माझ्या अक्षरात 1975, 'आर्यभट्ट' उपग्रह सोव्हिएत रॉकेटवरून अवकाशात. दोन ओळींत पासष्ट वर्षं. दोन्ही तारखा नव्या गणनेच्या आहेत, इतिहासवेडा, त्या तुम्हाला तपासाव्या लागणार नाहीत. पान सकाळी पावणेसातला टाकते.