खाटेचं चाक

इंदुरात महू नाक्याचा सिग्नल लाल झाला की लोक पाय टेकतात आणि मी शेजारी कोण उभं आहे ते बघतो. कारण माझे पाय टेकत नाहीत. माझी सायकल रेलून चालवायची आहे, आरामखुर्चीत बसल्यासारखं बसायचं आणि पाय पुढे लांब करून पेडल मारायचं, इंग्रजीत तिला रिकम्बंट म्हणतात आणि आमच्या गल्लीत खाट. सीट जमिनीपासून सव्वादोन फूट, माझी उंची पाच फूट तीन इंच, आणि रेललेल्या माणसाचा पाय खाली जातो कुठे, तो पुढे जातो, त्यामुळे फारच ताणलं तर एका पायाचा अंगठा लागतो. मग मी आपला शेजारच्या रिक्षाचा दांडा धरतो. एकदा सिग्नल सुटला तरी माझा हात सुटला नाही, आणि पुढच्या चौकात आतल्या सवारीने रिक्षावाल्याला विचारलं, इनका आधा किराया कटेगा ना?

खाट मी विकत नाही घेतली, तेवढे पैसे असते तर कशाला. पोराची जुनी २६ इंची गिअरची सायकल पडून होती, ती ग्रिल-गेट बनवणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडे नेली, पुढे चौकोनी पाइप जोडला, त्याच्या टोकाला भंगारातल्या सायकलचं पेडलचं बेअरिंग, मध्ये पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची, पुढे लहान मुलांच्या सायकलचं वीस इंची चाक, आणि अडीच चेन जोडून एक चेन. वेल्डिंगवाला पूर्ण वेळ गप्प होता. शेवटचा टाका मारल्यावर चष्मा वर करून म्हणाला, "भिया, मरीज कहाँ है?"

तर मला फक्त मागचं चाक छोटं करायचं होतं. २६ च्या जागी २०, बस. टायरवर बाजूला छापलेलं असतं, ५०-५५९, त्यातलं ५५९ म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास मिलीमीटरमध्ये. पुढच्या टायरवर ४७-४०६. वजाबाकी १५३, त्याचं अर्धं साडेशहात्तर, म्हणजे मागची बाजू तीन इंच खाली. सीट मागच्या चाकाजवळ असल्यामुळे मला त्यातले दोन तरी मिळणार होते, आणि आमच्या घराण्यात दोन इंच कोणी सोडत नाही.

राजवाड्याच्या मागे एका दुकानात जाऊन वीस इंची रिम मागितली, त्याने दिली, मी घरी आणली, आणि टायर चढेना. दोन चमचे वाकवले (स्वयंपाकघरातले, ते वेगळं प्रकरण) तेव्हा कळलं की ही रिम बारीक टायरवाली, ४५१ ची. हीपण वीस इंची आणि तीपण वीस इंची, आणि दोघींत साडेचार सेंटिमीटरचा फरक! इंदुरात पाव किलो शेव मागितली तरी दुकानदार विचारतो, कौनसी, लौंगची का लसणाची, बारीक का मोटी. पोटात जाऊन सगळी एकच होणार ती शेव विचारून देतात आणि ज्याच्यावर माणसाचा जीव ते चाक न विचारता बांधून देतात. परत गेलो तर म्हणतो, "बीस इंची तो बीस इंची होती है भिया."

दुसरी आणली ती ४०६ ची निघाली पण तिला तारांची भोकं अठ्ठावीस आणि माझ्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, छत्तीस. तिसरी छत्तीसची मिळाली. मग जुन्या तारा लांब पडल्या, नवीन छोट्या आणल्या, मिस्त्रीने चाक बांधलं आणि आउट काढत बसला. हे काम मात्र बघण्यासारखं असतं, चाक फिरवायचं, खडू धरायचा, खडू लागला तिथली तार पाव फेरा कसायची, समोरची ढिली करायची, तो बोलत नव्हता आणि मीपण नाही, समोरच्या टपरीवरचे पोहे संपेपर्यंत आम्ही दोघं एका चाकाकडे बघत होतो. असं सुख मला कुठल्याच कीर्तनात मिळालेलं नाही.

चाक बसलं. ब्रेक दाबला. ब्रेकची रबरं वर तीन इंचावर हवेत एकमेकांना टाळी देऊन परत गेली.

बरोबरच आहे, रिम खाली गेली, ब्रेक फ्रेमला वेल्ड केलेला, तो कशाला जाईल. डिस्क ब्रेक असता तर चाक केवढंही लावा, त्याला घेणं नाही, पण डिस्कला फ्रेमवर जागा लागते आणि आमच्याकडे तीच नाही. पुन्हा वेल्डिंगवाला. त्याने ब्रेकचे खुंट कापून खाली लावले, एक जरा तिरका लागला, त्याला तो "डिझाइन" म्हणाला. जुना ब्रेक आता बसेना म्हणून मिस्त्रीने व्ही-ब्रेक लावला आणि छातीठोकपणे सांगितलं की इससे तो हाथी भी रुक जाए. व्ही-ब्रेकला वायर जवळजवळ दुप्पट खेचावी लागते हे मात्र कोणी सांगितलं नाही. माझे लीवर जुन्या ब्रेकचे, थोडी वायर खेचणारे. लीवर पार हँडलला टेकायचा आणि रबर रिमला टेकायचं नाही. हत्ती थांबला असता, पण स्वतःच्या मर्जीने.

ही गोष्ट मला रामबागेच्या वळणावर कळली. पहाटे कचऱ्याची गाडी गाणं लावून येते, तिच्यामागे बायका बादल्या घेऊन उभ्या, आणि मी पाय पुढे करून लांबूनच "सरका, सरका" म्हणत येतोय. ओल्या कचऱ्याच्या बाजूला गेलो. एवढं बरं की वर्गीकरण योग्य झालं.

आईने बघितलं आणि म्हणाली, "अरे, खाटेवर माणूस एकदाच निघतो, तू रोज कशाला निघतोस?"

शेजारचे काका तर ठाण मांडूनच बसले होते. त्यांना मी इतिहास सांगितला, की काका, १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाचा माणूस असल्याच झोपाळू सायकलवर बसला आणि त्याने एका तासात ४५.०५५ किलोमीटर कापले, १९१४ पासूनचा विक्रम मोडला, आणि लगेच पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने ह्या सायकली शर्यतीतून काढूनच टाकल्या, इतकी त्यांना भीती बसली. काका शांतपणे म्हणाले, "बरोबरच केलं. तेव्हाही कचऱ्याची गाडी असेल."

नवे लीवर आले, ब्रेक लागला, आता वेग. तोच नव्हता. पुढे ४२ दाते, मागे सगळ्यात छोट्या चकतीला १४, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मोठं चाक सव्वासहा मीटर जायचं, छोटं जेमतेम पावणेपाच. मी शिलाई मशीन चालवल्यासारखे पाय मारतोय आणि मला दूधवाला मागे टाकतोय, तोही दोन्ही बाजूला कॅन लटकवून. मग पुढे ५२ दात्यांची चकती, मग चेन तोकडी म्हणून कड्या वाढवा, आणि त्या नादात गिअरची वायर नवीन.

आणि तिथून शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचा खटका. माझा होता टिकटिक करणारा, इंडेक्सवाला, एका टिकेला एक गिअर. सात गिअरच्या फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे मागच्या चकत्यांच्या गठ्ठ्यात, दोन चकत्यांमधलं अंतर पाच मिलीमीटर, आणि माझी वायर हँडलवरून निघून खुर्चीखालून वळसे घेत मागे पोचते, इतक्या लांब प्रवासात दोन मिलीमीटर इकडेतिकडे होणारच. तिसरा टाकला की साडेतीन पडायचा. चेन दोन चकत्यांच्या मध्ये बसून अशी करकर करायची जसं दोन नातेवाइकांकडे एकाच वेळी जेवायला बोलावलंय.

मिस्त्रीने हात टेकले. शेवटी भंगारातून जुन्या रेसिंग सायकलचा टिक नसलेला लीवर काढला, फ्रिक्शनवाला, वीस रुपयांना. त्याला आकडेच नाहीत. ढकलायचा, करकर थांबली की सोडायचा. एवढ्या खर्चात हीच एक वस्तू पहिल्या झटक्यात चालली. बायकोला दाखवलं तर म्हणाली, "अहो, मग आधीच वीसवालं का नाही आणलं?" ह्याला उत्तर नसतं, चहा मागायचा असतो.

गेल्या रविवारी महू नाक्याला लाल लागला आणि माझे दोन्ही पाय टेकले. पूर्ण, टाचेसकट. मी इकडेतिकडे बघितलं पण कोणी बघत नव्हतं. फक्त मान जरा अवघडली होती, कारण मागचं तीन इंच खाली गेलं की पुढचं नाक वर होतं, पेडलं छातीच्या रेषेत आलीत, आणि सिग्नल हिरवा झाला की नाही हे मला आता दोन गुडघ्यांच्या मधून बघावं लागतं. पुढचं चाक सोळा इंची केलं तर सगळं परत सरळ होईल.

सोमवारी दुसऱ्याच दुकानात गेलो, सोळा इंची रिम मागितली. आतून एक म्हातारबा आले, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कौनसी? ३०५ की ३४९?"

माझ्या डोळ्यात पाणी आलं हो.