‘प्रभूने मला दाखवलं’ असं म्हणणाऱ्याला प्रश्न विचारणं हे मंडळीचं कामच आहे

‘प्रभूने मला दाखवलं’ असं कुणी म्हटलं की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पुढचं बोलणंच थांबतं. मुलीचं स्थळ असो, शेत विकायचं असो, ऑपरेशन करायचं की नाही असो, त्या वाक्यापुढे आईवडील गप्प, मंडळीचा कारभार बघणारं वडीलमंडळ गप्प, कधी कधी पाळकसुद्धा गप्प. सांगली-मिरजेकडच्या आपल्या लोकांत हे फार वाढलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘देवाकडून मिळालेल्या’ संदेशांच्या व्हॉइस नोट फिरतात. 31 डिसेंबरच्या रात्री नव्या वर्षात कुणाला घर मिळणार, कुणाला व्हिसा मिळणार, हे नाव घेऊन सांगितलं जातं. आणि सगळे ‘आमेन’ म्हणतात. हे असं गप्प राहणं वचनाला धरून नाही, असं माझं ठाम मत आहे.

देव आजही बोलतो हे मी मानते. संदेशाचं दान प्रेषितांच्या काळाबरोबर संपलं असं मानणारे ख्रिस्ती अभ्यासक आहेत, ते 1 करिंथ 13 चा आधार देतात, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण माझं मन तिकडे वळत नाही. आपल्याच महाराष्ट्रात, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मोठी आत्मिक जागृती झाली. अमेरिकेतल्या अझुसा स्ट्रीटची जागृती त्यानंतरची, 1906 ची. म्हणून ‘हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे’ असं म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो की संदेशांचा धिक्कार करू नका. आणि त्याला लागूनच सांगतो की सर्व गोष्टींची पारख करा. आपण पहिलं पाठ केलं आणि दुसरं सोडून दिलं.

ही पारख कुणी करायची, हेही पौलाने लिहून ठेवलंय. 1 करिंथ 14:29 काढून बघा: दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी निर्णय करावा. म्हणजे संदेश देणाऱ्याचं काम बोलून झालं की संपतं आणि तिथून ऐकणाऱ्यांचं काम सुरू होतं. आपल्याकडच्या सभांमध्ये एकच जण बोलतो, निर्णयही तोच देतो, आणि ‘इतर’ फक्त हात वर करतात.

मला प्रेषितांच्या कृत्यांमधली अगब या संदेष्ट्याची गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण नव्या करारात संदेष्टा मंडळीत कसा वागतो आणि मंडळी त्याच्याशी कशी वागते, हे तिथे दोनदा दिसतं. पहिल्यांदा तो अंत्युखियात सांगतो की मोठा दुष्काळ पडणार. शिष्य काय करतात? ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे पैसे गोळा करतात आणि यहूदीयातल्या बांधवांसाठी बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्या हाती तिथल्या वडिलांकडे पाठवतात. संदेशामुळे पिशवी उघडली, पण ती उपाशी माणसांसाठी. अगबाच्या वाट्याला काही आलं असं ही गोष्ट लिहिणारा लूक कुठेच लिहीत नाही. आता आपल्याकडचे ‘बी पेरा म्हणजे आशीर्वाद उगवेल’ असं म्हणून पैसे मागणारे संदेश याच्याशेजारी ठेवून बघा. अगदी सुरुवातीच्या मंडळ्यांमध्ये वापरात असलेल्या ‘डिडाखे’ या शिकवणुकीत तर सरळ लिहिलंय की आत्म्यात असल्याचं सांगून स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचं ऐकू नका.

दुसऱ्यांदा अगब कैसरियात पौलाचा कमरबंद घेतो, स्वतःचे हातपाय बांधतो आणि सांगतो की यरुशलेमात या कमरबंदाच्या मालकाला असंच बांधतील. ‘जाऊ नकोस’ असं अगब म्हणत नाही. तशी विनवणी बाकीचे करतात, रडून करतात. पौल सगळं ऐकून घेतो आणि तरीही जातो. कुणी त्याला आज्ञाभंग करणारा म्हटलं नाही. ‘प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणून सगळे शांत झाले. संदेष्ट्याने खबर दिली, पण पौलाच्या आयुष्याचा निर्णय स्वतःकडे घेतला नाही. आणि आपल्याकडे एखादा तरुण येऊन सांगतो की ही मुलगी माझी बायको होणार असं प्रभूने मला दाखवलं, आणि त्या मुलीने नकार दिला तर तिच्या विश्वासावरच शंका घेतली जाते. तिच्याशी प्रभू बोलत नाही का? तीही त्याच आत्म्याने भरलेली आहे ना?

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो आजाऱ्यांच्या बाबतीत. मी मिरजेत नर्स म्हणून काम केलंय. ‘तू बरी झालीस, आता औषध घेणं म्हणजे अविश्वास’ असा संदेश मिळाल्यावर साखरेच्या गोळ्या सोडलेल्या बायका मी बघितल्यात. पाय काळा पडल्यावर घरचे घेऊन येतात. संदेश देणारा त्या वेळी वॉर्डात नसतो. ज्या मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली मिशन हॉस्पिटल उभं केलं, तिथल्या ख्रिस्ती माणसाला प्रार्थना आणि औषध यांत भांडण आहे असं सांगावं, याचं मला फार दुःख होतं. येशूने दहा कुष्ठरोग्यांना काय सांगितलं ते आठवा: जा, याजकांना दाखवा. बरं झाल्याची खात्री करण्याची नियमशास्त्राची पद्धत होती, ती त्याने टाळली नाही. खरंच बरं झालेल्या माणसाने रक्त तपासून घ्यायला काय हरकत आहे? आधी तपासणी करा, डॉक्टरला गोळी कमी करू द्या, मग साक्ष द्या. त्या साक्षीला मी सगळ्यात पुढे बसून आमेन म्हणेन.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घुसलं, 2021 ला पुन्हा आलं. पाणी ओसरल्यावर ‘मला आधीच दाखवलं होतं’ म्हणणारे भेटले, ‘हा पापाचा दंड आहे’ म्हणणारेही भेटले. आधी दाखवलं होतं तर आधी का सांगितलं नाही? अगबाने दुष्काळाआधी सांगितलं, म्हणून मदत गोळा झाली. आणि दंडाबद्दल येशूनेच उत्तर दिलंय. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं समजू नका, असं तो म्हणाला.

प्रभूच्या येण्याच्या तारखा सांगणाऱ्यांवर जास्त लिहीत नाही. अमेरिकेत रेडिओवरून उपदेश करणाऱ्या हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी 21 मे 2011 ही तारीख दिली होती. काही विश्वासणाऱ्यांनी जाहिरातींत आपली जमापुंजी घातली, आणि तो दिवस इतर दिवसांसारखाच गेला.

प्रश्न विचारला की लगेच ऐकवलं जातं, ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका.’ स्तोत्र 105 पूर्ण वाचा. ते अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल आहे. परदेशात भटकणाऱ्या त्या कुटुंबाला राजांनी छळू नये म्हणून देवाने दिलेली ती ताकीद आहे. शिकवण तपासण्याशी तिचा काही संबंध नाही. अंत्युखियात पेत्र चुकला तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर सांगितलं. पेत्रापेक्षा मोठा अभिषिक्त आपल्या तालुक्यात कोण आहे?

गोड संदेशाबद्दल तर जास्तच सावध राहावं लागतं. जुन्या करारात यिर्मया संदेष्ट्याच्या काळी हनन्याने मंदिरात सगळ्यांदेखत सांगितलं होतं की दोन वर्षांत बाबेलच्या राजाचं जू मोडेल आणि मंदिराची पात्रं परत येतील. यिर्मया त्याला ‘आमेन, परमेश्वर असंच करो’ म्हणाला, कारण त्यालाही तेच हवं होतं. पण शांतीचा संदेश देणारा देवाने पाठवलेला आहे की नाही, हे ते वचन पूर्ण झाल्यावर कळतं, हेही त्याने तिथेच सांगितलं. हनन्याचा संदेश खोटा ठरला. ऐकणाऱ्यांना मात्र यिर्मयापेक्षा तोच बरा वाटला असणार.

आमच्या मंडळीच्या वडीलमंडळाकडे मी लेखी मागणी केली आहे. सभेत दिलेला संदेश तारखेसह वहीत लिहावा. औषध, लग्न आणि पैसा यांबद्दलचा संदेश कुणालाही एकट्याला गाठून देऊ नये, किमान दोन वडिलांसमोर द्यावा. आणि तो चुकला तर ज्या व्यासपीठावरून दिला त्याच व्यासपीठावरून तसं सांगावं. अजून उत्तर आलेलं नाही. पुढच्या बैठकीत मी पुन्हा विचारणार आहे.