दोस्तीत कायचा टॅक्स, भाऊ

मित्राचं तालुक्याला कृषी केंद्र आहे, सोबत संत्र्याचा व्यापार, सिझनमध्ये वरुडकडून गाड्याच्या गाड्या भरते, अन् तुम्ही घरी बसून त्याचं फेसबुक पेज, रील, बिलाचं सॉफ्टवेअर, बोंडअळीच्या औषधाचे बॅनर असं सगळं करून देऊन राहिले, तर पहिली गोष्ट म्हणजे रेट ठरवू नका. रेट ठरला की बिल येते, बिल आलं की पॅन येते, अन् पॅन मागितलं की "तू आता मले हिशोब दाखवून राहिला काय बे" हे येते. त्यापेक्षा "पाहून घेऊ ना" बरं, त्याला स्टॅम्पपेपरही लागत नाही.

पैसे फोनपेवर घ्या, पण रिमार्कमध्ये 'हॅपी बर्थडे' टाकायला सांगा. वर्षातून चारदा वाढदिवस आला तरी चालते. गिफ्टवर टॅक्स नसते हे तर पानठेल्यावरचा पोट्टाही सांगते. आता कायदा म्हणते की ठरलेल्या नातेवाइकांकडून आलेलं गिफ्ट माफ, बाकीच्यांकडून वर्षात मिळून ५०,००० च्या वर गेलं की सगळीच रक्कम उत्पन्नात, अन् त्या नातेवाइकांच्या यादीत बायकोचा भाऊ आहे, मित्र नाही. म्हणजे खरं तर साळ्याच्या दुकानाचं काम धरायला पाहिजे होतं, पण साळा पैसे देते काय हा वेगळा विषय आहे. (अन् कामाच्या बदल्यात आलेला पैसा गिफ्ट होतच नाही, साळ्याचा असो की कोणाचा, पण एवढ्या खोलात कशाला जाता.)

रोख घेतली तर अजूनच उत्तम. फक्त एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली तर मित्राला तो खर्च हिशोबात धरता येत नाही, म्हणून तो आज ९,९०० देईल, परवा ये म्हणेल, मंग पुन्हा ९,९००, अन् दरवेळी गाडी काढून तालुक्याला जायचं, पेट्रोल तुमचं. रोख संपली की क्रेट येतात. आंबिया बहाराच्या संत्र्याचे चार क्रेट, वरचा थर चकचकीत, खालच्या थरात बोट घातलं की आत जाते. धंद्यातून वस्तूच्या रूपात मिळालं तेही उत्पन्नच धरतात म्हणे, पण ते दाखवायचं कसं, फोडी मोजून?

टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या टॅक्सचं, टेन्शन तर घेऊच नका. मित्राची मागच्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या वर असली (खतं, औषधं अन् संत्रा मिळून ती कधी होते समजतही नाही) अन् तुमची फी वर्षाला ५०,००० च्या वर गेली, तर त्यानं सहसा दहा टक्के कापून सरकारजमा करायचे असतात. आधी ही मर्यादा ३०,००० होती, एप्रिल २०२५ पासून वाढली. म्हणजे ६०,००० चं काम, हातात ५४,०००. पॅन दिलंच नाही तर दहाच्या जागी वीस टक्के, देशसेवा डबल. ते ६,००० खरंच भरले काय हे टॅक्स पोर्टलवरच्या २६एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या टॅक्सच्या यादीत दिसते, पण ते उघडू नका, कारण नाही दिसले तर मित्राला विचारावं लागेल अन् तो म्हणेल, "भरोसा नाही काय?" दिसले तरी रिटर्न भरू नका. रिटर्न भरलं तर रिफंड येते, अन् आलेला पैसा सांभाळायचा त्रास कोणी घ्यावा.

अन् उलाढाल एक कोटीच्या खाली असली, टीडीएस कापलाच नाही, तर तुमचं उत्पन्नच झालं नाही, जसं महसूल मंडळातलं पर्जन्यमापक बंद असलं की फळपीक विम्यासाठी पाऊसच पडलेला नसते.

मार्चमध्ये मात्र फोन चालू ठेवा. महिना संपता संपता, रात्री साडेदहाला, मित्र, आवाज एकदम गोड: "भाऊ, सीए मागे लागला, एक बिल बनवून दे ना, सप्टेंबरच्या तारखेचं, दीड लाखाचं." तुम्हाला मिळाले ५४,००० अन् चार क्रेट. द्या बनवून, दोस्तीत नाही म्हणायचं नसते. त्याचा खर्च दीड लाख झाला, त्यानं तो टीडीएसच्या विवरणात टाकला की तुमच्या एआयएसमध्येही (टॅक्स खात्याकडची तुमच्या कमाईची यादी) दीड लाख कमाई दिसेल, जी तुम्ही आजवर डोळ्यानं पाहिली नाही. इन्कम टॅक्सचा १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा लागू झाला, कलमांचे नंबर सगळे बदलले, मित्राच्या फोनची वेळ काही बदलली नाही.

कोणी विचारलंच तर अशा सगळ्या दोस्तांकडून वर्षात आलेले साडेतीन लाख शेतीचं उत्पन्न म्हणून सांगून द्या, ते माफ आहे. सातबारा बाबांच्या नावावर, सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलला ५,३२८ अन् बाजार समितीत आडत्या त्याच्या कितीतरी खाली बोलून राहिला, असल्या सालात तुमच्या दोन एकरात साडेतीन लाख नफा. कृषी विद्यापीठवाले पाहायला येतील. फक्त मालाच्या वजनाची काटापट्टी मागितली तर रील कोणत्या काट्यावर मोजली ते आधी ठरवून ठेवा.

आता एवढी सगळी कसरत कायच्यासाठी, तर वर्षाची कमाई साडेतीन लाख, अन् २०२५-२६ ला टॅक्सच्या नव्या पद्धतीत अशा कमाईवर १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य. रिटर्न भरून शून्य आला असता, तुम्ही न भरता आणला, याला हुशारी लागते. शेडसाठी लोन मागायला गेलात की मॅनेजर तीन वर्षांचे आयटीआर, म्हणजे तेच रिटर्न, मागते, तिथं ते चार क्रेट घेऊन जा.

लग्नाच्या बायोडाट्यावर मात्र 'वार्षिक उत्पन्न १२ लाख, आयटी' असंच लिहा. पाहुणे येतील, पोहे खातील, अन् मुलीचा मामा नेमका बँकेत कर्जाच्या टेबलावर असेल. चहाची बशी खाली ठेवत तो म्हणेल, "आयटीआर तेवढे व्हॉट्सअप करून द्या बरं." लगेच मित्राला फोन लावा. उचलणार नाही तो, मार्च थोडीच आहे.