पैसे देऊन आलोय आम्ही

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, उद्या सकाळी ऑफिस आहे, अंग आंबून गेलंय. तरी हे लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

भाऊ, वहिनी, भाचा आणि मी आज पहाटेच पुण्याहून निघालो. आधी भिगवणचे पक्षी, मग राशीन-सिद्धटेक करत पेडगावचा किल्ला, आणि ऊन उतरलं की रेहेकुरीची काळविटं. कधीपासून ठरत होतं. आणि सकाळी आठच्या आत डोकं फिरलं.

भिगवणजवळ कुंभारगावला उजनी धरणाच्या काठावरून होडीत बसलो. समोर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, मोठा थवा चरत होता. आमच्या नावाडीकाकांनी बऱ्याच अंतरावर वल्हं थांबवलं. म्हणाले, "ताई, गप ऱ्हायलं की ते आपसूक जवळ येत्यात." आणि खरंच आले! पायांनी चिखल ढवळायचा, लांब मान खाली सोडायची, चोच उलटी करून पाण्यात बुडवायची आणि पाणी गाळून त्यातलं शेवाळ, बारीक जीव खायचे. तोंडाने आपसात सतत पुटपुटणं चालू. भाचा एरवी दोन मिनिटं शांत बसत नाही, तोसुद्धा श्वास रोखून बघत होता.

तेवढ्यात दुसरी होडी आली. पाच-सहा जण, सगळे आपल्यासारखेच शिकले-सवरलेले. त्यातला एक नावाड्याला म्हणतोय, "उडवून दाखव ना, दोनशे जास्त देतो." तो मुलगा जरा घुटमळला, मग इंजिन चालू करून त्याने होडी थेट थव्यात घातली. वर यांच्या शिट्ट्या आणि टाळ्या. एवढं जड पाखरू जागेवरून उडत नाही हो, पाण्यावरून धावत धावत वेग घ्यावा लागतो त्याला. सगळा थवा धडपडत उठला. लालगुलाबी पंख उघडले, मोबाइल वर झाले, झालं यांचं काम. मी ओरडले, "अहो, इंजिन बंद करा!" त्यावर उत्तर आलं, "पैसे देऊन आलोय आम्ही."

पैसे देऊन आलोय. दिवसभर हे वाक्य डोक्यातून गेलेलं नाही.

कशाचे पैसे दिले तुम्ही? होडीचे. त्या पक्ष्याने तुमच्याकडून काय घेतलंय? रोहितांची वीण कच्छच्या रणात होते. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस, तर हिमालय ओलांडून येतात. इतका पल्ला मारून ते इथे येतात ते पोटासाठी. खायच्या वेळेला उठवलं की खाणं बुडतं आणि उडण्यात अंगातली ताकद खर्च होते, ती वेगळीच. आणि ही एकच होडी थोडीच असते? रविवारी काठावर रांग लागलेली असते.

त्या नावाडी मुलाला मी फार बोलणार नाही. दोनशे रुपये त्याला नको कसे असतील? 1980 मध्ये उजनी धरण झालं आणि भीमाकाठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ अजूनही पाणी ओसरलं की वर येतं. आपण आज ज्याला पक्ष्यांचं नंदनवन म्हणतो, ते लोकांच्या घरादारांवर, रानांवर साठलेलं पाणी आहे. त्याच पाण्यात मासे धरून आणि पाहुण्यांना होडीतून फिरवून ही माणसं पोट भरतात. त्याला पेचात टाकणारा दोषी आहे.

पेडगावला पोचेपर्यंत मी गाडीत कुणाशी धड बोलले नाही. राशीनच्या यमाईपुढे हात जोडले, सिद्धटेकला दर्शन घेतलं, एवढंच.

पेडगावचा बहादूरगड, आता आपण धर्मवीरगड म्हणतो, भीमेच्या अगदी काठावर आहे. मुघलांचा सरदार बहादूरखान कोकलताश याची ही छावणी. 1 फेब्रुवारी 1689 ला संगमेश्वरात पकडलेल्या शंभूराजांना इथेच औरंगजेबापुढे आणलं. इथेच त्यांची धिंड निघाली. त्या मातीवर पाऊल ठेवताना माझ्या पोटात खड्डा पडतो, दर वेळी. आणि तिथल्या यादवकालीन लक्ष्मीनारायण मंदिराच्या कोरीव दगडावर खिळ्याने ओरखडून बदाम काढलाय. बदामात दोन नावं. नक्षीतल्या एका बाईच्या मूर्तीच्या बरोबर गालावरून ती रेघ गेलीय. मी बोट फिरवून पाहिलं, खोल आहे, पुसणार नाही ती आता. शेजारी चिप्सची पाकिटं. बाहेर काही मुलं गाडीतून उतरली, जोरात गर्जना केली, फोटो काढले आणि पाण्याच्या बाटल्या तिथेच टाकून गेली. गर्जना ऐकून माझ्याही अंगावर काटा येतो, पण मग ती बाटली कुणी उचलायची? मान्य, सगळे असे नसतात. वेड्या बाभळी तोडून तिथल्या वाटा मोकळ्या करणारी पोरंही आपलीच आहेत.

होडीतला तो माणूस आणि हा बदाम कोरणारा, माझ्या मते दोघं एकच. समोर जे आहे त्याला माझी दखल घ्यायला लावणारच, मग तो पक्षी असो नाहीतर सातशे वर्षांचा दगड.

रेहेकुरीला मात्र जीव शांत झाला. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं अभयारण्य, 1980 पासूनचं. गवत वाळून सोनेरी झालेलं. आम्ही बाभळीच्या सावलीत गुपचूप बसून राहिलो. बऱ्याच वेळाने माद्या आल्या, तपकिरी, एकामागे एक. मग नर. काळीभोर पाठ, पांढरं पोट, डोळ्यांभोवती पांढरी कडी. मान उंच, नाक वर, पिळदार शिंगं पाठीवर टेकवलेली. माद्यांपुढे मिरवत चालला होता. भाच्याने माझा हात घट्ट धरला. कुणी हॉर्न वाजवला नाही, कुणी हाकललं नाही. आणि आम्हाला सगळं दिसलं.

हीच काळविटं कुंपणाबाहेर जाऊन ज्वारीत तोंड घालतात, शेतकऱ्याचं नुकसान होतं, हे खरंय. तरी तिथला शेतकरी बऱ्यापैकी सोसतो. आपण शहरातले मात्र माळाला 'पडीक' म्हणून मोकळे होतो. याच भागासकट 8,496 चौरस किलोमीटरचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य होतं, ते 1,222 वर आणलं. एवढ्या पसाऱ्यात माणसांची गावंच्या गावं अडकली होती, म्हणून कमी करणं भाग होतं असं म्हणतात. असेलही. पण माळढोक दिसेनासा झाला तो झालाच. माझ्या भाच्याला तो फक्त चित्रात दाखवावा लागतो.

आता एक सांगते. सकाळी होडीतून उतरताना भावाने नावाडीकाकांना ठरलेल्यापेक्षा दोनशे जास्त दिले. ते म्हणाले, "हे कशाचे?" भाऊ म्हणाला, "लांब थांबलात त्याचे." आधी घेईनात, मग घेतले. तुम्हीही एवढंच करा. होडीत बसायच्या आधीच सांगा, की आम्हाला थवा उडालेला नको, चरताना बघायचाय, आणि त्याचे वरचे पैसे द्या. उडवायला दोनशे मिळत असतील तर न उडवायलाही मिळायला हवेत, म्हणजे त्या मुलाला घुटमळावं लागणार नाही.

फेब्रुवारीपर्यंत जाऊन या, पहाटे लवकर निघा, दुर्बीण न्या. काकांचा नंबर हवा असेल तर इनबॉक्समध्ये विचारा. ज्यांना थवा उडतानाची रील हवीय त्यांनी विचारू नका, मी देणार नाही.