लावणीची हजेरी

माझी बारावी आणि एफवाय यांच्यामध्ये २८ वर्षं गेली. कॉलेजच्या खिडकीतल्या भाऊसाहेबांनी माझा फॉर्म दोनदा उलटापालटा केला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गॅप सर्टिफिकेट लागेल."

म्हणजे स्टँपपेपरवर लिहून द्यायचं, की १९९६ ते २०२४ या काळात मी कुठेही शिकले नाही. कोर्टासमोर बसणाऱ्या टायपिस्टकडे मजकूर तयारच होता. फक्त 'खंडाचे कारण' यापुढची रेघ रिकामी. आता त्या एका रेघेत काय काय घालू? लग्न, लेकीच्या वेळचं बाळंतपण, सासऱ्यांचं अंथरूण, २०२०चं वादळ, ते निस्तरतोय तोवर २०२१चं वादळ, आणि गणपतीपुळ्याला येणाऱ्या पर्यटकांसाठी १६ वर्षं चालवलेली घरगुती खानावळ. मी विचार करत राहिले. मागे रांग वाढली. टायपिस्टने रेघेची लांबी बघितली आणि विचारलं, "'घरगुती अडचण' टाकू?"

"टाका."

२८ वर्षं दोन शब्दांत बसवली त्याने. खरं तर लेखनाचा कोर्स मी त्याच्याकडेच करायला हवा होता.

पण प्रवेश घेतला कॉलेजात, आणि नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्याच सत्राला 'लेखन कौशल्य' नावाचा विषय गळ्यात पडला. दोन क्रेडिटचा. एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे तीस तासांत मला लिहायला येणार होतं. ही क्रेडिट्स अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात आणि सात वर्षं टिकतात, असं सांगितल्यावर आमच्या ह्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्यावर कर्ज देतात काय गो?" माझा प्रश्न वेगळा होता. माझं आंब्याचं लोणचं दोन वर्षांच्या पुढे जात नाही. सात वर्षं टिकायला त्या क्रेडिट्समध्ये घातलंय तरी काय?

पहिल्या दिवशी सरांनी नियमावली वाटली. नऊ पानं. सबंध कोर्समध्ये आम्ही प्रत्येकी जेमतेम आठ पानं लिहायची होती. हजेरी ७५ टक्के हवी. असाइनमेंट रात्री ११:५९पर्यंत चढवायची, एक दिवस उशीर झाला की दहा टक्के गुण कमी. मजकूर युनिकोडमध्येच हवा, झेरॉक्सवाल्याकडून टाइप करून आणला की सरांच्या कॉम्प्युटरवर नुसत्या किडामुंग्या दिसतात. एआयची मदत घेतली तर तसं खाली लिहायचं. शेवटच्या पानावर 'विद्यार्थी साहाय्य' : समुपदेशन कक्ष, लेखन साहाय्य केंद्र, मार्गदर्शक विद्यार्थी, दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखनिक आणि परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा. हे वाचून बरं वाटलं. चष्मा घरी विसरून येणाऱ्यांसाठी मात्र काही तरतूद नव्हती.

सर लातूरकडचे. वय माझ्या धाकट्या भाच्याएवढं. पावसाळ्यात कोकणात नोकरीला लागलेला माणूस जसा सदैव ओलसर आणि घाबरलेला दिसतो, तसे दिसत. मला ताई म्हणत. वर्गातली मुलं काकू म्हणत. शिपाई मॅडम म्हणे आणि रोज स्टाफरूमचं दार उघडून धरी.

पहिला निबंध होता 'माझे गाव'. साठ मुलांच्या वर्गात सरांनी निबंध तपासले आणि दुसऱ्या दिवशी थकून खुर्चीत बसले. "अहो, सगळ्यांचीच गावं निसर्गाच्या कुशीत कशी काय वसली?" खरंच, चौदा निबंधांचं पहिलं वाक्य अक्षर न् अक्षर तेच होतं. मोबाइलने सगळ्यांना एकाच कुशीत नेऊन ठेवलं होतं. माझं गाव कुशीत नव्हतं, कारण मी सकाळी मासे निवडता निवडता मनात लिहिलं होतं : मागे सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, पुढे समुद्र, मध्ये रस्ता आणि रस्त्याच्या मध्ये खड्डा. सरांनी त्याखाली 'छान' लिहिलं आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुकांना गोल केले. पान गोलांनी असं भरलं, की तव्यावर आंबोळ्या घातल्यासारखं दिसू लागलं.

शुद्धलेखनाचा तास मी जन्मात विसरणार नाही. सरांनी विचारलं, मालगुंड कशासाठी प्रसिद्ध? मुलं ओरडली, केशवसुत! सर म्हणाले, आणि त्यांचे धाकटे भाऊ? सगळे गप्प. मग त्यांनी सांगितलं, की मोरो केशव दामले म्हणजे केशवसुतांचे सख्खे भाऊ, आणि त्यांचा मराठी व्याकरणाचा जाडजूड ग्रंथ १९११ साली आला. मी मालगुंडपासून हाकेच्या अंतरावर राहते. स्मारक बघून आलेल्या शेकडो पर्यटकांना मी सोलकढी वाढली आहे. पण कवीला व्याकरणकार भाऊ होता, हे मला लातूरच्या माणसाने सांगावं! एक भाऊ ओळी मोडणारा, दुसरा त्यांना नियम लावणारा. जेवताना काय बोलत असतील दोघं, या विचारात मी होते, तेवढ्यात सरांनी पडद्यावर एक फोटो लावला. "आता नियम पाहू. साहित्य महामंडळाचे १९६२चे नियम. मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ. आणि हे पाहा, आरे-वारे रस्त्याने येताना परवा मी काय टिपलं."

पडद्यावर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं होती : 'येथे घरगूती जेवन मिळेल. सोलकढि फ्री.'

वर्ग हसून लोळला. शेजारच्या पोरीने मला कोपर मारलं. "काकू, हे तर तुमचं..." मी तिचा हात दाबला आणि सगळ्यांत मोठ्याने हसले. सरांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. "ताईंना नेमकं कळलंय."

संध्याकाळी पेंटरला फोन केला. तो म्हणाला, "मी अक्षरावर पैसे घेतो वहिनी. वेलांटी इकडची तिकडे करायचा रेट आमच्यात नाही." शेवटी ह्यांनीच शिडी लावून 'ढि'ची 'ढी' केली. 'जेवन' तसंच राहिलं, कारण लाल रंग संपला.

पाटी ह्यांनी निस्तरली, पण असाइनमेंट चढवणं हे दोघांचं काम होऊन बसलं. आमच्या घरात रेंज येत नाही. माजघरात नाही, ओटीवर नाही, परसात माडाच्या दुसऱ्या आळ्याजवळ एक काडी येते आणि आपण हललो की जाते. पूर्ण रेंज फक्त सड्यावर. त्यामुळे रात्री साडेअकराला मी, आमचे हे, एक छत्री आणि एक बॅटरी अशी वरात जांभ्याच्या पायऱ्या चढून वर जाई. पावसाने जांभा शेवाळलेला, फुरशासारख्या विषारी सापाची भीती, म्हणून ह्यांनी पुढे काठी आपटत जायचं आणि मी मागून मोबाइल पदराखाली धरून. वर पोचल्यावर त्या चक्रीकडे बघत उभं राहायचं. गोल गोल गोल. ११:५७. ११:५८. "गेलं काय गो?" "नाही हो." "मग परत दाब." "दाबलं की पहिल्यापासून होतं!" खाली समुद्राचा आवाज, वर वाऱ्याने उलटी झालेली छत्री. लग्नानंतर आम्ही रात्रीचं फिरायला असं कधी गेलो नव्हतो.

मग जुलै आला. जुलैत आमच्याकडे माणसाला कॉलेज नसतं, तरवा असतो, म्हणजे शेतात लावायची भाताची रोपं. गडी मिळत नाहीत, वाडीतल्या बायका एकमेकींकडे जातात. आज त्यांच्याकडे मी, उद्या माझ्याकडे त्या. यात एक दिवस जरी चुकवला तरी पुढच्या वर्षी आपल्या शेतात बगळ्यांशिवाय कोणी उतरत नाही. मी नऊ दिवस चिखलात होते. तरव्याची मूठ सोडायची, चार काड्या अंगठ्याने रोवायच्या, मागे सरकायचं, परत चार काड्या. पाठ वाकून वाकून अशी होते, की रात्री उताणं झोपलं तर पाठ आणि गादी यांच्यातून मांजर जावं. पायाच्या बोटांत चिखल्या, नखं काळी. दहाव्या दिवशी वर्गात पेन धरलं तर अंगठा आपोआप कागदात रोवायला लागला.

हजेरी ५१ टक्क्यांवर आली, आणि विद्यार्थी साहाय्य माझ्यावर तुटून पडलं.

आधी मार्गदर्शक विद्यार्थी. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या एकेका मुलाकडे पहिल्या वर्षाची पाच-पाच मुलं सोपवतात. यादी अडनावाप्रमाणे लावलेली, त्यामुळे माझी मार्गदर्शक निघाली माझीच लेक. तिने कँटीनमध्ये समोर वही उघडून मला विचारलं, "अभ्यासात काही अडचण आहे का?" मी म्हटलं, "आहे. भांडी कोणी घासत नाही." तिने गंभीर चेहऱ्याने 'वेळेचे नियोजन' असं लिहून घेतलं.

मग पालकांना पत्र. आमच्या ह्यांच्या नावाने : 'आपल्या पाल्याची उपस्थिती समाधानकारक नाही. तरी समक्ष भेटावे.' हे इस्त्रीचा शर्ट घालून गेले. पालकसभेत पहिल्या बाकावर बसले, बाकीच्या बापांबरोबर 'हल्लीची मुलं ऐकत नाहीत' असं बोलून आले, आणि 'मी पाल्याच्या अभ्यासाकडे व वर्तनाकडे लक्ष देईन' या हमीवर सही ठोकून आले. ती हमी त्यांनी फ्रीजवर लावली. आठवडाभर जेवायला उशीर झाला की तिकडे बोट दाखवत.

नेमकी त्याच आठवड्यात असाइनमेंट आली : 'आपल्या खऱ्या गरजेचा विनंती अर्ज लिहा.' मला याहून खरी गरज कुठली असणार? हजेरीत सवलत मिळावी म्हणून मी अर्ज लिहिला. आणि अर्ज लिहिण्यात मी मुरलेली. बचतगटाचे, खांबावरच्या दिव्याचे, पाण्याच्या टाकीचे असे वाडीचे सगळे अर्ज माझ्या हातचे. 'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक सादर करते की...' इथपासून 'तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती. आपली विश्वासू' इथपर्यंत एका दमात. सड्यावर न जाता, दिवसाढवळ्या कॉलेजातून चढवला.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. चेहरा पडलेला. "ताई, इतरांच्या मजकुराशी साम्य ७१ टक्के आलंय."

विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा, २०१८चा नियम असा, की संशोधकांच्या प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं आणि साठच्या पुढे गेलं तर नोंदणीच रद्द. सरांनी तो उत्साहाने आमच्या दोन क्रेडिटना लावला होता. म्हणजे मी पीएच.डी. करत असते तर एका विनंती अर्जापायी घरी बसले असते. मी म्हटलं, "सर, अर्ज असाच लिहितात. माझे सासरे असाच लिहायचे. तहसीलदार दुसरा घेतच नाही." सरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. सगळा अर्ज लालेलाल. महोदय लाल, अनुसरून लाल, सहानुभूती लाल, नम्र लाल, विश्वासू लाल. मध्ये पांढरे राहिले होते फक्त माझं नाव, गावाचं नाव आणि तीन शब्द : 'लावणीनिमित्त नऊ दिवस'.

"एवढंच तुमचं स्वतःचं आहे," सर म्हणाले. मग ते तीन शब्द त्यांनी पुन्हा वाचले. भुवया वर गेल्या. "ताई! तुम्ही कधी बोलला नाहीत. नऊ दिवस, म्हणजे दौरा असणार?"

"तसंच म्हणा. आज या शेतात, उद्या त्या."

"शेतात? मंडप घालून?"

"कसला मंडप सर, भर पावसात. डोक्यावर प्लास्टिक घ्यायचं आणि वाकायचं."

सर थोडा वेळ अवाक होऊन बसले. मग म्हणाले, "तुमच्या निष्ठेला मानलं. मग हजेरीची काळजीच करू नका. सांस्कृतिक विभागातून सवलत मिळते, नियमातच आहे. मी नाव पाठवतो. अर्ज मात्र स्वतःच्या शब्दांत पुन्हा द्या."

मला भरून आलं. भात म्हणजे संस्कृतीच की आपली! सरकारने उशिरा का होईना, ओळखलं म्हणायचं. सोयाबीनच्या मुलखातून आलेल्या माणसाला तरव्याची किंमत कळली, हे मी घरी तीनदा सांगितलं.

गणपती झाले. चाकरमानी परत गेले, घरातली सोळा ताटं घासून माळ्यावर गेली आणि कॉलेज उघडलं. फळ्यावर स्थापना दिनाच्या कार्यक्रमाची यादी लागली होती आणि तिच्यासमोर माझा अख्खा वर्ग उभा होता. 'क्र. ७ : लावणी.' पुढे माझं नाव, एफवायबीए.

सांस्कृतिक विभागाच्या मॅडम लगबगीने आल्या. "ताई, घुंगरू तुमचे आहेत की भाड्याने आणू?"

माझ्या लेकीने त्या दिवशी 'मार्गदर्शक' या पदाचा राजीनामा दिला. ह्यांनी हसून हसून ओटीवरच बसकण मारली, मग फ्रीजवरची हमी काढून 'वर्तनाकडे' या शब्दाखाली पेनाने रेघ मारली. सासूबाई तेवढ्या शांत होत्या. तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "ढोलकी कोण वाजवणार? आपल्या वाडीतला बरा वाजवतो. त्याला आत्ताच सांगून ठेव."

त्या रात्री मी एकटीच सड्यावर गेले. पाऊस नव्हता. अर्ज पुन्हा लिहायचा राहिलाच होता. तिथेच जांभ्यावर बसून मोबाइलवर लिहिला :

'सर, जुलैत मी भात लावत होते. नाचत नव्हते. आमच्याकडे त्यालाही लावणीच म्हणतात. हजेरी कापायची तर कापा, पण सात नंबरवरून माझं नाव काढा. तुम्हाला पुढच्या जुलैत बघायला यायचं असेल तर या. पँट गुडघ्यापर्यंत दुमडता येईल अशी घाला.'

११:४०ला चढवला. पहिल्याच फटक्यात गेला.

दोन दिवसांनी निकाल आला. साम्य : ० टक्के. गुण : दहापैकी नऊ. एक गुण 'महोदय' लिहिलं नाही म्हणून कापला होता.