थरच्या वाळवंटात कुत्र्यांना नक्की न्या, पण पट्टा सोडू नका

हिवाळा जवळ आला की व्हॅनमधून कुत्र्यांना घेऊन जैसलमेर-बाडमेरकडे निघालेल्या मंडळींच्या चित्रफिती दिसू लागतात आणि त्यांपैकी बहुतेकींत एक प्रसंग ठरलेला असतो. दिवस मावळतीला आलेला असतो, व्हॅनचे दार सरकते, पट्टा निघतो आणि कुत्रा वाळूच्या टेकडीवरून उधळत जातो. खाली शंभरेक जण ‘खरे स्वातंत्र्य’ असे लिहितात. आम्हीही आमच्या दोन कुत्र्यांना घेऊन थरमध्ये व्हॅनमध्ये राहतो, त्यामुळे या हौसेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मात्र कुत्र्यांना सोबत नेण्यासाठी थर जितका चांगला प्रदेश आहे, तितकाच तो त्यांना मोकळे सोडण्यासाठी अयोग्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

आमची बिजली कारवानी जातीची आहे. दख्खनच्या माळावर सशामागे धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली ही जात वासापेक्षा नजरेवर शिकार करते आणि एकदा नजर लागली की हाक तिच्या कानापर्यंत पोहोचत नाही. खंड्या रस्त्यावरून आलेला आहे. तो धावत सुटत नाही, पण दिसेल ते तोंडात घालतो. या दोघांना थरमध्ये मोकळे सोडले तर काय होईल, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. तिथल्या खुरट्या झुडपांमध्ये चिंकारा चरत असतात. मोकाट कुत्र्यांनी फाडलेले चिंकारा उचलून आणून त्यांच्यावर उपचार करण्याचे काम जोधपूर-बिकानेर भागात बिश्नोई समाजातील माणसे सातत्याने करत आली आहेत. खेजडीची झाडे वाचवण्यासाठी १७३० साली खेजडली गावात ज्यांच्या ३६३ पूर्वजांनी प्राण दिले, त्या लोकांच्या शिवारात आपले कुत्रे हरणामागे लागले, तर ती गोष्ट माफी मागून मिटणारी नसते आणि ती मिटावी अशी अपेक्षा आपण करूही नये.

माळढोकाची गोष्ट याहून गंभीर आहे. जंगलात उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास सांगितली जाते आणि त्यांतील बहुसंख्य जैसलमेर जिल्ह्यात आहेत. हा पक्षी घरटे बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि कुत्रा जवळ आला की तिला ते सोडून उठावेच लागते. विजेच्या तारांना धडकून मरणाऱ्या माळढोकांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि २०२१ साली त्यावर आदेशही झाला; माळढोकांना कुत्र्यांपासून असलेला धोका तसा न्यायालयात नेणे अवघड आहे, कारण त्याला एकच एक प्रतिवादी सापडत नाही. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजसाठी १९७९ साली अभयारण्य झाले, तरी आज तिथे एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. हे डोळ्यांदेखत पाहिलेल्या महाराष्ट्रातील माणसाला जैसलमेरच्या माळाचे मोल निराळे समजावून सांगावे लागू नये.

शिवाय जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेले, ३१६२ चौरस किलोमीटरचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान भिंतीआड नाही. त्याच्या हद्दीत गावे आहेत, ढाण्या म्हणजे रानातल्या लहान वस्त्या आहेत, शेते आणि रस्ते आहेत. सम आणि खुडी ही पर्यटकांची आवडती ठिकाणेही त्याच्या हद्दीत किंवा हद्दीला लागून आहेत. त्यामुळे ‘आम्ही कुठे जंगलात गेलो होतो’ हे वाक्य बोलणाऱ्याला बहुधा आपण कुठे होतो हेच ठाऊक नसते.

यावर हमखास येणारा युक्तिवाद असा की तिथे गावोगावी मोकाट कुत्री हिंडतातच, मग आमच्या एका लसीकरण केलेल्या कुत्र्याने असे काय बिघडणार आहे? मला हा युक्तिवाद उलट्या बाजूने पटतो. मोकाट कुत्र्यांचा भार आधीच इतका आहे, म्हणूनच त्यात आपली भर नको. बिकानेरजवळच्या जोडबीडला मेलेली जनावरे टाकतात, तिथे शेकडो गिधाडे उतरतात आणि त्याच सांगाड्यांवर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. अशा टोळीसमोर शहरात वाढलेले पाळीव कुत्रे दोन मिनिटेही टिकणार नाही. पक्षी पाहायला तिथे जरूर जावे, पण कुत्र्यांना घेऊन जाऊ नये. रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्हो यांच्या लसी निघण्यापूर्वी पूर्ण करून घेणे हे तर गृहीतच आहे. डिस्टेंपर कोल्ह्या-खोकडांनाही होतो, म्हणजे लस फक्त आपल्या कुत्र्यापुरती नसते.

आता कुत्र्याच्या बाजूने पाहू. वाळूवर धावणे त्याला सुखाचे वाटत असेल अशी आपली समजूत असते, पण थरमधील बराचसा भाग मऊ वाळूचा नसून काटेरी गवताचा आहे. तिथे भरूट नावाचे गवत असते, त्याची बारीक काटेरी बोंडे पंजाच्या बोटांमध्ये आणि कानामागे चिकटतात. चालताना कुत्रा लंगडू लागला की दहांपैकी नऊ वेळा कारण तेच असते. बोटांनी उपटायला गेलो तर ती आपल्याच बोटात रुततात, म्हणून लोखंडी कंगवा आणि चिमटा दाराशीच टांगलेला बरा. फुरसे कोकणात आपल्याला माहीत असते, थरमधील फुरसे त्याहून मोठे होते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सापांचा वावर कमी होतो, आणि मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात जाण्याचा आग्रह धरतो त्याचे हेही एक कारण आहे.

मुख्य कारण अर्थातच उन्हाचे आहे. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले, त्या दिवसांत कुत्र्याला घेऊन तिथे जाण्याचा विचार कोणी करणार नाही. पण हिवाळ्यातील दुपारही फसवी असते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बाहेरची हवा २२ अंशांची असतानाही उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीचे तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलेले आढळले. त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली आणि काचा बोटभर उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. जैसलमेरमधील जानेवारीची दुपार साधारण याच तापमानाची असते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच त्याला शरीर थंड करावे लागते आणि व्हॅनमधील हवाच तापली की धापा टाकूनही उपयोग होत नाही. म्हणून किल्ला पाहायचा असेल तर दोघांपैकी एकाने कुत्र्यांजवळ थांबायचे, हा आमचा नियम आहे. छतावरचा पंखा, सौर पट्ट्या आणि मोबाइलवर तापमान कळवणारे यंत्र या वस्तू चांगल्या आहेत, पण रेंज गेली की ते यंत्र मुके होते आणि थरमध्ये रेंज जातेच. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या, म्हाताऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या कुत्र्यांना पुण्याहून सुमारे १२०० किलोमीटर इकडे ओढत आणू नये. त्यांना घरी ठेवणे ही माया कमी असल्याची खूण नाही.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. साधारण २५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला दीड लिटर पाणी लागते आणि कोरड्या हवेत, चालण्याच्या दिवशी, त्याहून बरेच जास्त लागते. तिथले भूजल पुष्कळ ठिकाणी खारे आहे, म्हणून लोक पावसाचे पाणी टाक्यांमध्ये आणि नाडीत, म्हणजे गावतळ्यात, साठवतात. पाणी ज्या उतारावरून वाहत येते त्या जमिनीला आगोर म्हणतात आणि तो आगोर स्वच्छ राखणे ही साऱ्या गावाची शिस्त असते. बाहेरच्या माणसाला मात्र तो भाग व्हॅन लावायला अगदी सोयीचा, सपाट आणि मोकळा दिसतो. तिथे कुत्र्याने विष्ठा केली, तर ती पुढच्या पावसाबरोबर कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात जाणार असते. त्यामुळे मुक्काम करण्यापूर्वी जवळच्या ढाणीवर जाऊन, ‘राम राम सा’ म्हणून, गाडी कुठे लावू असे विचारणे सर्वांत उत्तम. आपण सोबत कुत्रे असल्याचे आधीच सांगितले की मेंढ्यांचा कळप कोणत्या बाजूने परतणार आहे हेही ते लोक सांगतात. अनेक घरांत कुत्रे अंगणातही चालत नाही; चहाचे बोलावणे आले तर कुत्रे व्हॅनपाशी आणि आपण अंगणात. पश्चिमेकडे सीमेजवळच्या काही भागांत बाहेरच्यांना परवानगी लागते, तिची चौकशी जैसलमेरमध्येच करून घ्यावी.

मग कुत्र्यांना तिथे मिळते तरी काय? दहा मीटर लांबीचा हलका दोर आणि छातीचा पट्टा घेऊन पहाटे चालायला निघालो की बिजली-खंड्याचा एक तास निव्वळ वास घेण्यात जातो. उंटाचे लेंडके, मुंगसाचा माग, रात्री खोकड जिथे थांबले असेल ते झुडूप, सगळे नाकाने वाचून झाल्याखेरीज ते पुढे सरकत नाहीत. परतल्यावर ते ज्या गाढ झोपेत जातात ती पुण्यातील बागेत तासभर धावूनही त्यांना लागत नाही. रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा पातळ कातडीची बिजली रजईत शिरते. समच्या तंबूंकडचा डीजे आणि फटाके टाळले, तर ही शांतता सहज मिळते.

‘मग मोकळे सोडायला कच्छला जाऊ का’ असेही काही जण विचारतात. छोटे रण रानगाढवांचे अभयारण्य आहे, त्यामुळे तिथेही उत्तर तेच. पांढऱ्या रणात मिठाची कोरडी खपली पंजांना कापते आणि कुत्रे ते मीठ चाटत बसते. फिरून आल्यावर चारही पंजे गोड्या पाण्याने धुवावे लागतात, म्हणजे पाण्याचा आणखी एक कॅन सोबत हवा.