आत्या, ती काडी आधी खाली ठेव!

‘वाळवीवर घरगुती रामबाण’ हा मेसेज फिरत फिरत सदाशिव पेठेत आत्याकडे पोचला. त्यात चार दावे. रॉकेल लावा, वाळवी मुळापासून जाते. सिमेंटच्या इमारतीत ती येतच नाही. सागवानाला लागत नाही. आणि पावसाळ्यात दिव्याभोवती येतात त्या नुसत्या पंखवाल्या मुंग्या.

रॉकेल हल्ली मिळतंय कुठे? आत्याने रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं, देव्हाऱ्यामागून वर गेलेल्या, वाळवीने बांधलेल्या मातीच्या नळीवर आणि देव्हाऱ्याच्या लाकडावर फडक्याने चोपडलं. मी दारात पोचलो तर वासाने डोकं भणाणलं आणि ही बाई समई लावायला काडी ओढण्याच्या बेतात! ओरडलो, तर म्हणे, “अरे, मेसेजमध्ये तसंच लिहिलंय.” समई लावू नका, एवढं मात्र त्यात लिहिलेलं नव्हतं.

बरं, एवढं करून वाळवी जाते का? ज्यांच्या अंगावर पडतं त्या मरतात, बस. नळीत दिसतात त्या अन्न वाहून नेणाऱ्या कामकरी. राणी जमिनीखाली अंडी घालत बसलेली असते, तिला वरच्या फडक्याचं काय? आत्याची नळी चौथ्या दिवशी स्विचबोर्डाशेजारून निघाली. खात्री करायची तर नळीचा बोटभर तुकडा खरवडा आणि दोन दिवसांनी बघा. परत लिंपलेला दिसला की आत ये-जा चालू आहे.

सिमेंटचं म्हणाल तर वाळवी सिमेंट खात नाही, फटीतून येते. पाइपांच्या डक्टमधून वरच्या मजल्यांवरही चढते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ६३१३ चा भाग ३ उभ्या इमारतींसाठीच आहे. फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे साधारण ३०० मिलिमीटरवर १२ मिलिमीटरची भोकं पाडून त्यात औषध सोडायचं, असं तो सांगतो. नुसती फवारणी करून पैसे मागणाऱ्याला हे जरूर विचारा.

सागवानाचं अर्धं खरं आहे, मान्य. गाभ्याचं लाकूड वाळवीला दाद देत नाही. पण बाहेरचं पांढरट लाकूड ती खाते, आणि बाजारातल्या ‘सागवानी’ चौकटीत ते किती असतं ते सुताराला विचारा.

आता दिव्याभोवतीच्या त्या ‘मुंग्या’. खऱ्या पंखवाल्या मुंग्यांची कंबर बारीक आणि पुढचे पंख मोठे. वाळवीची कंबर जाड, चारही पंख सारखे. पहिल्या पावसानंतर घरातल्या खिडकीपाशी गळालेल्या पंखांचा ढीग दिसला, तर झाडून टाकण्याआधी चौकटी ठोकून बघा. पोकळ वाजतात का?

या रामबाणात ओलाव्याबद्दल अवाक्षर नाही, आणि वाळवीला लाकडाइतकाच तो लागतो. आत्याच्या देव्हाऱ्यापलीकडे न्हाणीघर आहे. तिथला नळ गणपतीपासून गळतोय. प्लंबर उद्या येतो म्हणालाय.